अनोळखी वारकऱ्याला जेवायला घालणारं गाव शेजारच्या गावाशी पाण्याचा हिशोब का जमवू शकत नाही?

आधी प्रश्न थोडक्यात सांगते. पाणलोटाच्या कामात नव्याने आलेल्या एका पोराने विचारलंय की त्याच्या भागात लोक वारीला, जत्रेला कुठल्याही अनोळखी माणसाला घरात घेतात, भावकीत आणि गावात एकमेकांच्या कामाला धावून जातात, पण ओढ्याच्या वरच्या आणि खालच्या गावाने मिळून बंधाऱ्याचं काम करायचं म्हटलं की लगेच "ती लोकं तसलीच" सुरू होतं. मग आपले संस्कार बाहेरच्या माणसासोबत काम करायच्या बाजूचे आहेत की विरोधातले, आणि यावर काही करता येतं का?

मी माण, आटपाडी, सांगोला या पट्ट्यात पाण्याच्या कामात बरीच वर्षं काढलीत, त्यामुळे उत्तर तिथलंच देणार, पुस्तकी कमी. आणि एक आधीच सांगते, "आपली संस्कृती सहकाराची" हे वाक्य मीटिंगमध्ये कुणी म्हटलं की मी वही मिटवून ठेवते, कारण त्याच्यापुढे कधीच कामाचं काही निघत नाही. तसंच "आपली लोकंच खेकडी" हेही. दोन्ही आळशी वाक्यं आहेत.

माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्याकडे परक्याला पाहुणा करायची रीत एकदम पक्की आहे आणि परक्याला भागीदार करायची रीत काही ठरावीक ठिकाणीच आहे. ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं चांगलं येतं म्हणून दुसरं आपोआप येत नाही, उलट कधीकधी पहिलंच दुसऱ्याच्या आड येतं.

वारीचंच घ्या. आषाढीच्या आधी पालखीच्या रस्त्यावरची गावं काय करतात ते बघितलेलं आहे सगळ्यांनी, भाकरी-पिठल्याचे ढीग, अंगणात झोपायला जागा, पाय चेपून देणारी म्हातारी माणसं. पण यात वारकरी एक रात्र राहतो आणि सकाळी पुढे जातो. त्याच्याशी तुमचं देणंघेणं काही उरत नाही, त्याने जास्त खाल्लं की कमी खाल्लं याचा हिशोब नाही, त्याने उद्या तुमच्या विहिरीखाली बोअर मारायची भीती नाही. देणारा मोठा आणि घेणारा आशीर्वाद देऊन जाणारा, दोघंही खूश. शेजारचं गाव मात्र बारा महिने तिथंच असतं, आणि त्याच्याबरोबर कोण मोठा हे ठरवून चालत नाही. बरं, या पाहुणचारालाही रेघ होतीच. महाडच्या चवदार तळ्यावर 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला, आणि पंढरपूरच्या विठ्ठलाचं देऊळ अस्पृश्यांना उघडावं म्हणून साने गुरुजींना 1947 च्या मे महिन्यात उपोषणाला बसावं लागलं. म्हणजे ज्या विठ्ठलाच्या वाटेवर अनोळखी माणसाला भाकरी मिळत होती त्याच विठ्ठलाच्या दारात गावातल्याच माणसाला जागा नव्हती. त्यामुळे "आपले संस्कार उदार" म्हणताना कुणासाठी आणि किती वेळासाठी हे विचारायचं.

दुसरी गोष्ट मिंधेपणाची. ही गोष्ट ट्रेनिंगमध्ये कुणी शिकवत नाही आणि फिल्डवर रोज आडवी येते. आपला माणूस बाहेरच्याची मदत घ्यायला का कचरतो, तर फेडता येणार नाही म्हणून. घरातल्याचं फेडायची घाई नसते, सोयऱ्याचं आहेरात फिटतं, पण वरच्या गावाने फुकट जेसीबी दिला तर तो कशात फेडायचा? मग खालचं गाव म्हणतं नको आम्हाला, आणि तुम्ही रिपोर्टमध्ये लिहिता "लोकसहभाग कमी".

हे फक्त आपल्याकडे नाही. 1990 च्या दशकाच्या शेवटी जोसेफ हेन्रिक आणि त्याच्या सोबतच्या मानववंशशास्त्रज्ञांनी जगभरातल्या 15 छोट्या समाजांत एक साधा खेळ खेळून घेतला. एकाला काही रक्कम द्यायची, त्याने त्यातला वाटा समोरच्याला देऊ करायचा, समोरच्याने घेतला तर दोघांना मिळणार, नाकारला तर दोघांनाही काही नाही. कोण कुणासोबत खेळतंय हे कुणालाच माहीत नाही. पेरूच्या जंगलातले माचिग्वेंगा लोक सरासरी चौथ्या हिश्शाच्या आसपास देऊ करत होते, तिथं कुटुंब सोडून बाहेर कुणासोबत काम करायची वेळच फारशी येत नाही. इंडोनेशियातल्या लामालेराचे लोक मोठ्या होड्यांतून एकत्र देवमासा मारतात, ते निम्म्याहून जास्त देत होते. आणि पापुआ न्यू गिनीतल्या औ आणि ग्नाऊ लोकांत काहीजण निम्म्याहून जास्त देऊ करायचे आणि समोरचे ते नाकारायचे! कारण तिथं मोठं दान घेतलं की माणूस बांधला जातो, देणारा कधीही येऊन मागणार. मला हे वाचून आमच्या इथल्या एका आजोबांची आठवण झाली, ते सरकारी टँकर घ्यायचे पण शेजारच्या गावाच्या विहिरीचं पाणी घ्यायला नको म्हणायचे, "सरकार काय दारात येऊन बोलून दाखवत नाही."

तर संस्कार असे काम करतात. ते "मदत कर" किंवा "करू नको" असं सांगत नाहीत, कुणाकडून काय घेतलं की कशात फेडायचं हे सांगतात. आपल्या माणसांसाठी त्याचे सगळे दर ठरलेले असतात. सावड बघा, आज मी तुझ्या खुरपणीला येते, परवा तू माझ्या. वारंगुळ्यात एकेक बैल एकत्र करून औत चालतं. इर्जिकीला गाव औतं घेऊन येतं आणि मालक जेवण घालतो. आंबेगाव, जुन्नरच्या डोंगरात आदिवासी लोकांची पडकई, भाताची खाचरं मिळून करायची. या सगळ्याच्या मागे वही नाही, पण पक्की आठवण आहे, कोण आलं होतं आणि कोण नव्हतं हे बायका दहा वर्षांनी पण सांगतात. बाहेरच्या माणसासाठी ही आठवणीची वही चालत नाही कारण त्याला तुम्ही रोज बघत नाही, त्याच्या सासरी-माहेरी तुमचं कुणी नाही, त्याने बुडवलं तर त्याला ऐकवणार कोण?

मग परक्याशी वर्षानुवर्षं जमलेलं काम आपल्याकडे कुठं आहे? मी सगळ्यांना आधी धनगराच्या वाड्याकडे बघायला सांगते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, वाडा म्हणजे घर नव्हे, मेंढरं घेऊन एकत्र फिरणाऱ्या बिऱ्हाडांचा तांडा. माण, खटाव, फलटण, आटपाडी, जत इकडचे धनगर पावसाळ्यात गावाकडे असतात आणि दिवाळीनंतर घोड्यावर बिऱ्हाड टाकून निघतात, कुणी कोकणात उतरतं, कुणी पुणे, मावळ, कुणी भीमेच्या कडेला. जातील तिथं शेतकऱ्याच्या मोकळ्या रानात मेंढरं बसवायची, रात्रभर लेंड्या-मुताचं खत पडतं, त्याचे शेतकरी पैसे देतो नाहीतर धान्य देतो. दोघांची जात वेगळी, गाव वेगळं, एक जमिनीला बांधलेला, दुसरा सतत हलणारा, एकमेकांच्या लग्नात जेवायला जायचं नातं नाही. तरी पिढ्यान् पिढ्या चाललंय.

मी एकदा एका बांधावर हे ठरताना पूर्ण ऐकलं. वाड्याचा कारभारी पुढे आला होता, मेंढरं अजून मागे. शेतकरी म्हणाला तीन रात्री बसवा. कारभाऱ्याने रान चालून बघितलं आणि पहिला प्रश्न पैशाचा विचारला नाही, विचारलं शेजारी कुणाचा हरभरा आहे ते. कारण शेजारच्या पिकात मेंढरं शिरली तर भांडण वाड्याचं होणार, आणि पुढच्या वर्षी त्या शिवारातून वाट बंद. मग शेजाऱ्याला बोलावलं, बांधाच्या कडेला वाघर, म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी, कुठं लावायची ते ठरलं, कुत्री कुठल्या अंगाला बांधायची ते ठरलं, नुकसान झालं तर कारभारी भरून देणार हे दोघांसमोर बोलून झालं. मग भाव. शेतकऱ्याची आई मधेच म्हणाली की त्या खडकाळ तुकड्यात दोन रात्री बसवा, तिथं काही येत नाही, तर कारभारी म्हणाला तिथं पाणी लांब आहे, एकच रात्र बसवतो. जाळी रोज थोडी हलवून सगळं रान खताखाली आणायचं हेही बोलून झालं. हे सगळं एका चहात. कुठं भाषण नाही, "आपण सगळे भाऊ" नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले तेव्हा शेतकऱ्याची बायको आणि वाड्यातली बाई डालग्याखालच्या कोकरांजवळ बसून लसूण आणि जोंधळ्याची देवाणघेवाण करत होत्या, ती बाई मला म्हणाली "हिच्या सासूच्या वेळेपासून येतोय आम्ही." शेतकरी लोकांत बोलताना "आमचा वाडा" म्हणतो, हे ऐकलं असेल तुम्ही.

यात संस्काराचा भाग काय आणि व्यवहाराचा काय? व्यवहार दिसतोच, याला खत पाहिजे त्याला चारा-पाणी आणि धान्य. पण नुसता व्यवहार असता तर पहिल्या नुकसानीला लाठ्या निघाल्या असत्या. संस्काराने काय केलं तर परक्याला एक जागा देऊन ठेवली. खंडोबाच घ्या ना. म्हाळसा लिंगायत वाण्याची, बाणाई धनगराची, लोकपरंपरेत शिंप्याची रंभाई आणि माळ्याची फुलाई पण आहे. देवानेच वेगवेगळ्या समाजात सोयरीक केलेली. पण मजा अशी की गाण्यांत म्हाळसा आणि बाणाई कडाकडा भांडतात, आणि जेजुरीला बाणाईचं देऊळ गडावर चढताना अर्ध्या वाटेवर आहे, म्हाळसा वर. म्हणजे दोघी एक झाल्या असं कुणीच सांगत नाही! धनगर धनगर राहतो, कुणबी कुणबी राहतो, आणि तरी दोघांच्या डोक्यात हे पक्कं असतं की तो आपल्या जगातलाच आहे, त्याची येण्याची वेळ आहे, त्याचा काहीतरी हक्क आहे. हे मला "सगळे एकच" पेक्षा जास्त टिकाऊ वाटतं. ज्या कार्यक्रमात लोकांना आपली ओळख दाराबाहेर ठेवून या म्हणतात तिथं लोक येतात, टाळ्या वाजवतात आणि घरी जाऊन ओळख परत घालतात.

अर्थात ही व्यवस्था पण कमजोर होत चाललीये. रासायनिक खत आल्यावर बऱ्याच ठिकाणी शेतकऱ्याची गरज कमी झाली, बागायत वाढली तसं मोकळं रानच उरलं नाही, आणि तिसरं कारण आम्ही. म्हणजे आमच्यासारखे पाणलोटवाले. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी हे आपले पाठ झालेले नियम आहेत आणि माथ्यावर गवत यायला त्याची गरज असते हेही खरं, पण चराईबंदीचा ठराव ज्या ग्रामसभेत होतो तिथं वाडा नसतो. गावाने एकजुटीने, लोकशाही पद्धतीने, एकमताने जो ठराव केला त्याची किंमत बाहेरच्याने भरली. गाव जेवढं एकत्र येतं तेवढी त्याची वेस घट्ट होते, हे विसरायचं नाही. हिवरे बाजार आपण सगळेच दाखवतो, दाखवावंच, पोपटराव पवारांनी 1990 च्या आसपासपासून तिथं जे उभं केलं, पाण्याचा ताळेबंद, शेतीसाठी बोअरवेल नाही, उसासारखं पाणीखाऊ पीक नाही, ते मोठंच काम आहे. पण त्याच नियमांत गावची जमीन बाहेरच्याला विकायची नाही हाही नियम आहे. मी त्याला नावं ठेवत नाही, त्याशिवाय पाणी राखता आलं नसतं. फक्त गावातला सहकार आणि गावाबाहेरचा सहकार एकाच औषधाने होत नाहीत हे त्यावरून कळतं.

वॉटर कपचंही तसंच, म्हणजे गावागावांतली पाणी अडवायच्या कामाची स्पर्धा. 2016 ला पानी फाउंडेशनने वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांपासून सुरुवात केली आणि नंतर ते खूप पसरलं. लोक पहाटे टिकाव-फावडी घेऊन निघायचे, एकमेकांचं तोंड न बघणारे दोन गट एका चरावर काम करायचे, हे मी डोळ्यांनी बघितलंय. ते का जमलं, तर शेजारच्या गावाला हरवायचं होतं. गावातला परका आपला झाला कारण बाहेरचं गाव प्रतिस्पर्धी होतं. गावापुरतं काम असेल तर हे जबरदस्त चालतं. पण ओढा काही गावाची हद्द बघून वाहत नाही, आणि तुमचा प्रश्न नेमका तिथलाच आहे.

याच्यावर एक चांगला प्रयोग झालाय. 2017 मध्ये मॅट लो नावाच्या अर्थतज्ज्ञाने उत्तर प्रदेशात वाराणसीकडे वेगवेगळ्या जातींच्या सुमारे 1,260 तरुणांची क्रिकेट लीग भरवली. काही टीम एकाच जातीच्या, काही मिक्स. जे दुसऱ्या जातीच्या पोरांबरोबर एकाच टीममध्ये खेळले त्यांची जातीबाहेर मैत्री वाढली, आपल्याच जातीच्या माणसाला झुकतं माप देणं कमी झालं. आणि जे दुसऱ्या जातीविरुद्ध खेळले त्यांच्यात मैत्री उलट कमी झाली. म्हणजे नुसतं "एकमेकांत मिसळा" म्हणून काही होत नाही, कुठल्या बाजूने मिसळताय ते महत्त्वाचं. त्यामुळे दोन गावांचे क्रिकेट सामने भरवून एकोपा करायचा विचार कुणी मांडला तर त्याला निदान टीम मिक्स करायला सांगा.

आणि ट्रेनिंगमध्ये कुणीतरी जपानचं उदाहरण देतंच, की ती लोकं बघा, रक्तातच शिस्त. तोशिओ यामागिशी या जपानी समाजमानसशास्त्रज्ञाने 1980 च्या दशकात जपानी आणि अमेरिकन विद्यार्थ्यांवर प्रयोग केले, अनोळखी लोकांचा गट, सगळ्यांनी सामाईक कामाला आपल्या खिशातून घालायचं. कामचुकारपणा करणाऱ्याला दंड करायची सोय नसेल तेव्हा जपानी विद्यार्थ्यांनी अमेरिकनांपेक्षा कमी घातले! त्याचं म्हणणं असं की घट्ट समाजात माणूस सहकार्य करतो कारण सगळे एकमेकांवर नजर ठेवून असतात, ती नजर काढली की अनोळखी माणसावर विश्वास ठेवायची सवयच नसते. हे आपल्या गावांना अगदी लागू आहे. भावकीत चोख वागणारा माणूस तालुक्याला गेला की रांग मोडतो, तो काही वेगळा माणूस झालेला नसतो.

म्हणून परक्याबरोबर काम उभं करायचं तर भावकी जे नजरेने आणि आठवणीने करते ते नियमाने करावं लागतं. जिथं हे झालंय तिथं टिकलंय. पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी 1972 च्या दुष्काळानंतर नायगावपासून पाणी पंचायत सुरू केली, त्यात पाण्याचा वाटा जमिनीवर नाही तर माणशी, माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. भूमिहीनालाही वाटा. ऊस लावायचा नाही. योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा सभासदांनी आधी भरायचा. भूमिहीन माणूस एरवी गावातला परकाच असतो, त्याला इथं मदत नाही मिळाली, हक्क मिळाला, त्यामुळे तो मिंधा झाला नाही. हा फरक फार मोठा आहे.

नाशिकला वाघाड धरणावर ओझरच्या शेतकऱ्यांनी 1990 च्या सुमारास पाणी वापर संस्था काढल्या, बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी, समाज परिवर्तन केंद्रामार्फत. ओझर कालव्याच्या शेपटाला, म्हणजे शेवटच्या टोकाला. शेपटाकडचा माणूस नेहमी ओरडतो आणि मुखाकडचा कधीच ऐकत नाही, कारण मुखाकडच्याला पाणी मिळतंच, त्याला सहकार्याची गरज काय? हळूहळू सगळ्या कालव्यावर संस्था झाल्या आणि पुढे पूर्ण प्रकल्पाचं पाणी शेतकऱ्यांच्या संघाकडे आलं. 2005 ला सिंचन पद्धतीचं शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन करायचा कायदा आला त्यात संचालक मंडळात मुख, मध्य आणि शेपूट या तिन्हीकडची माणसं सारख्या संख्येने असावीत असं आहे. ही छोटीशी तरतूद मला शंभर प्रबोधन शिबिरांपेक्षा मोलाची वाटते, कारण तिच्यामुळे शेपटाकडच्याला कुणाच्या मोठ्या मनाची वाट बघावी लागत नाही. आता कागदावर झालेल्या पण बंद पडलेल्या पाणी वापर संस्था ढीगभर आहेत हे मलाही माहीत आहे, नियम असला की लोक येतातच असं नाही. पण नियम नसताना आलेत असं मी मोठ्या पातळीवर बघितलेलं नाही. आणि जिथं चेहरेच दिसत नाहीत तिथं तर सगळा भार कायद्यावरच असतो. मराठवाड्यातल्या जायकवाडी धरणासाठी वरच्या नाशिक-नगरच्या धरणांतून किती पाणी सोडायचं हे मेंढेगिरी समितीच्या अहवालावरून जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने 2014 ला ठरवलं, 15 ऑक्टोबरचा साठा बघून. त्यावर दरवेळी मोर्चे निघतात आणि कोर्टकज्जे होतात, पण पाण्याचा आकडा तरी समोर असतो. तिथं "मराठवाडा आपला भाऊ" म्हणून कुणी दरवाजे उचलले नसते.

तुम्हाला काय करता येईल ते आता सांगते, जे मला चालताना दिसलंय तेवढंच.

पहिलं काम पाण्याचं घेऊ नका. पाणी सगळ्यात शेवटी, कारण त्यात हरणाऱ्याचं फार जातं. दोन गावांच्या शिवेवरचा पाझर तलाव असेल तर त्याच्या गाळापासून सुरू करा. गाळ दोघांना पाहिजे असतो, खेपा मोजता येतात, आणि भांडण झालं तर पीक जळत नाही. आम्ही एका ठिकाणी दोन वह्या ठेवल्या, वरच्या गावाच्या खेपा खालच्या गावाचा पोरगा लिहिणार आणि खालच्या गावाच्या खेपा वरच्या गावाचा. संध्याकाळी दोन्ही वह्या पारावर ताडून बघायच्या. पहिल्या दोन-तीन दिवशी फरक आला, आरडाओरडा झाला, एकाने तर ट्रॅक्टर आडवा लावला. मग ट्रॉली किती भरली की एक खेप धरायची ते ठरलं, आणि त्यानंतर वहीवरून भांडण नाही. त्या दोन पोरांचा नंतर इतका दोस्ताना झाला की एकाच्या बहिणीच्या लग्नात दुसरा वाढप्या होता, पण ते नंतर.

फुकट काही देऊ-घेऊ नका. जेसीबी वरच्या गावाचा असेल तर डिझेल खालच्या गावाचं, जेवण एका दिवशी यांचं, एका दिवशी त्यांचं. संस्थेचा फंड आहे म्हणून सगळं आपणच करायचं हे तर अजिबात नको, मग दोन्ही गावं तुमचे पाहुणे होतात आणि पाहुणा कधी भांडी घासत नाही.

दंड आधी ठरवा, भांडण व्हायच्या आधी, आणि पहिला दंड आपल्याच गावच्या माणसाला लागू होईल हे बघा. समोरच्याला दंड करणं सोपं असतं. ज्या दिवशी वरच्या गावाने स्वतःच्या माणसाकडून पैसे वसूल केले त्या दिवसापासून खालच्या गावाचा सूर बदलला. त्याच वेळी जो जास्त काम करतो त्याला सांभाळा. 2008 मध्ये छापलेल्या एका अभ्यासात 16 शहरांत सामाईक निधीचा खेळ खेळवला होता, त्यात बॉस्टन, मेलबर्नकडे लोक कमी देणाऱ्याला शिक्षा करत होते, पण अथेन्स, मस्कतसारख्या ठिकाणी जास्त देणाऱ्यालाही बरेचजण शिक्षा करत होते. आपल्याकडे त्याला "लय शहाणा झालाय" म्हणतात. दुसऱ्या गावाच्या बाजूने बोलणाऱ्या माणसाला स्वतःच्या गावात हेच ऐकावं लागतं, आणि तो एकटा पडला की तुमचा पूल गेला. म्हणून असा माणूस प्रत्येक गावातून एकटा कधी पुढे करू नका, तीन-चार जण एकदम करा, त्यात निदान एक म्हातारा आणि एक बचतगटवाली बाई.

भेटी भांडणाच्या वेळी नकोत, नेहमीच्या पाहिजेत. भिवंडीत 1984 च्या दंगलीनंतर सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून आले तेव्हा त्यांनी मोहल्ला कमिट्या काढल्या, दोन्ही समाजांतली माणसं आणि पोलीस नियमित बसायचे आणि विषय असायचे किरकोळ, गल्लीतली भांडणं, तक्रारी. 1992-93 ला मुंबई पेटली तेव्हा भिवंडी, जिचं नाव दंगलीसाठीच घेतलं जायचं, शांत राहिली. यंत्रमागाचा धंदा दोघांचा एकमेकांवर अवलंबून होता हेही त्यात असणार. पण अफवा आली की कुणाला फोन करायचा हे लोकांना आधीपासून माहीत होतं, हे काही कमी नाही.

आणि जामीन लागतो. दोन्हीकडे ज्याचा शब्द चालतो असा तिसरा. वाड्यात ते काम कारभारी करतो, ऊसतोडीत मुकादम करतो (तिथं त्याचे फायदे-तोटे वेगळे, उचलीत माणूस अडकतो तो विषय इथं नको). तुमच्या ओढ्यासाठी तो कोण आहे ते शोधा. बऱ्याचदा ती खालच्या गावातून वरच्या गावात दिलेली बाई असते, दोन्ही शिवारं तिला माहीत, माहेरचं पाणी आणि सासरचं पाणी दोन्ही तिच्या पोटात. पुरुषांच्या मीटिंगला तिला कुणी बोलवत नाही. आम्ही वर-खालच्या गावांच्या अशा बायकांची शिवारफेरी काढली होती, माथ्यापासून पायथ्यापर्यंत, आणि अर्ध्या दिवसात त्यांनी कुठला बांध फोडला की कुणाची विहीर आटते ते सांगितलं, जे आम्हाला नकाशावरून कळलं नव्हतं.

वाड्याचंही विसरू नका. तुमच्या माथ्यावर चराईबंदी करणार असाल तर दिवाळीच्या आधी कारभाऱ्यांना बोलवा, कुठली पट्टी किती वर्षं बंद आणि कुठून वाट मोकळी हे त्यांच्यासमोर ठरवा, आणि ते ठरावाच्या कागदावर लिहून त्यांची सही किंवा अंगठा घ्या.